दुसरा दाब

मित्रांनो, मी एक जुनी पक्कड आहे. खिळे उपटणारी किंवा तार वाकवणारी पक्कड नव्हे. त्यांच्याशी कृपा करून माझं नातं लावू नका. मी सील मारणारी सरकारी पक्कड आहे. माझ्या जबड्यात दोन गोल ठसे आहेत. एकावर खात्याचं चिन्ह कोरलेलं आहे आणि दुसऱ्यावर माझा क्रमांक, सत्तेचाळीस. दाराच्या कडीतून किंवा यंत्राच्या चाकातून तार ओवायची, तिची दोन्ही टोकं शिशाच्या छोट्या गोळीतून काढायची, ती गोळी माझ्या तोंडात द्यायची आणि मला दाबायचं. शिसं मऊ असतं. ते चपटं होऊन तारेला धरून बसतं आणि त्यावर माझा ठसा उमटतो. त्यानंतर ते दार किंवा ते यंत्र सरकारच्या हुकमाशिवाय कोणी उघडायचं नाही. सील तोडलं तर तुरुंग.

एवढीशी मी, जेमतेम वीतभर. पण मला पिशवीतून बाहेर काढताना भल्याभल्यांची बोबडी वळलेली मी पाहिली आहे. खरं सांगते, त्या काळी मला ते आवडायचं.

माझा जन्म सरकारी हत्यारांच्या कारखान्यात झाला. तेव्हा चपलेपासून चमच्यापर्यंत सगळं सरकारी कारखान्यात तयार व्हायचं आणि सरकारी दुकानात मिळायचं. म्हणजे मिळालं तर मिळायचं. घरात बसून चार वस्तू बनवून विकणं हा गुन्हा होता. लोक त्याला पोटापाण्याचा उद्योग म्हणत, कायदा त्याला नफेखोरी म्हणे. मी शिलाईची यंत्रं बंद केली, मेणबत्त्यांचे साचे बंद केले, एकदा तर एका आजोबांची छत्र्या दुरुस्त करायची पेटी बंद केली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी माझं काम चोख करत होते आणि माझी पाठ थोपटली जात होती.

मग एके वर्षी वारं फिरलं. सरकारनंच जाहीर केलं की आता कोणीही उद्योग करावा, दुकान काढावं, माल बनवावा. मोडकळीला आलेले कारखाने बंद पडले आणि त्यांची यंत्रं लिलावात निघाली. रस्त्यांवर रंगीत पाट्या लागल्या. कायद्याच्या पुस्तकाला नवी पानं जोडली गेली, पण जुनी काढून टाकायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, किंवा लक्षात येऊनही कोणी हात लावला नाही. त्यामुळे आमच्या इमारतीत मोठी गंमत झाली. पहिल्या मजल्यावर उद्योगाचे परवाने मिळत आणि दुसऱ्या मजल्यावर त्याच उद्योगांवर फौजदारी खटले तयार होत. मी दुसऱ्या मजल्यावर राहायचे.

मला वापरणारे तपासणीस मोठे सरळ गृहस्थ होते. ते कोणाच्या दुकानात चहासुद्धा घेत नसत. पाण्याची बाटली घरून आणायचे. त्यांच्या कोटाचं तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा वेगळं होतं, कारण तसलं बटण सरकारी दुकानात पुन्हा कधी आलंच नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या हातात काढली. त्यांच्या बोटांना माझी सवय झाली होती आणि मला त्यांच्या बोटांची.

पण मी त्यांच्याकडे आले तेव्हाच माझा खालचा ठसा झिजलेला होता. एकदा दाबलं की गोळी वरून घट्ट दिसायची, पण आतून तारेला नीट धरायची नाही. तपासणिसांनी यावर एक युक्ती काढली होती. एकदा दाबायचं, मला किंचित फिरवायचं आणि पुन्हा दाबायचं. त्या दुसऱ्या दाबानं शिसं असं बसायचं की हलायची बिशाद नव्हती. म्हणून आमच्या सगळ्या सीलांवर दोन ठसे एकमेकांवर चढलेले दिसत. नियमपुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलं होतं की एका गोळीवर एकच दाब द्यावा. दुबार ठशाचं सील बाद समजावं. पण ती पुस्तिका कपाटात होती आणि आम्ही रस्त्यावर.

तुम्ही विचाराल, मग नवी पक्कड का घेतली नाही? नियम असा होता की दरवर्षी माझी परीक्षा घ्यायची. दहा गोळ्या एकेका दाबानं बसवायच्या, प्रत्येकीला दोन किलो वजन लटकवायचं आणि निकाल वहीत लिहायचा. 'सदोष' लिहिलं की पक्कड त्याच दिवशी जमा करावी लागे आणि नवी येईपर्यंत हात बांधून बसावं लागे. शेजारच्या टेबलाची नवी पक्कड यायला दोन वर्षं लागली होती. म्हणून आमचे तपासणीस दरवर्षी परीक्षा न घेताच लिहायचे, 'ठीक', आणि खाली सही करायचे. त्यांना वाटायचं, दुसरा दाब आपल्या हातात आहे, तोवर काय बिघडणार आहे? मलाही तेच वाटायचं. उलट मी त्या 'ठीक' शब्दावर खूश असायचे.

आता त्या दिवसाबद्दल सांगते.

दोन खोल्यांचा एक कारखाना होता. तिथे एक बाई बटणं बनवायची. तिचा नवरा परगावी बांधकामावर होता, घरात दहा वर्षांची मुलगी आणि म्हातारे सासरे. सासऱ्यांनी सरकारी बटण कारखान्यात तीस वर्षं साच्यावर काम केलं होतं. कारखाना बंद पडल्यावर सुनेनं लिलावातून एक दाबयंत्र घेतलं, परवाना काढला आणि दोघांनी काम सुरू केलं. माल चांगला होता. मागणी वाढली तसं तिनं दुसरं यंत्र घेतलं आणि त्याच्याही परवान्याचा अर्ज केला. चार महिने झाले तरी पहिल्या मजल्यावरून उत्तर आलं नव्हतं. तिनं यंत्र चालू केलं. चूक म्हणाल तर एवढीच.

आमच्या खात्यात तेव्हा नवे मोठे साहेब आले होते. तपासणीला स्वतः जातीनं हजर राहायचे आणि नियमपुस्तिका काखेत बाळगायचे. वाईट नव्हते, त्यांना फक्त पुस्तिकेबाहेर जग असतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

"अर्ज केलाय साहेब. ही बघा पोच," बाईनं कागद पुढं केला.

"अर्ज म्हणजे परवाना नव्हे," मोठे साहेब म्हणाले. "दुसऱ्या यंत्राला सील करा."

तपासणिसांनी चाकातून तार ओवली, गोळी माझ्या तोंडात दिली आणि दाबलं. मग सवयीनं त्यांनी मला किंचित फिरवलं.

"हे काय करताय?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"काही नाही, साहेब."

"एका गोळीवर एकच दाब. वाचलंय ना?"

"वाचलंय."

तपासणिसांचे कान लाल झाले. एक क्षण त्यांची बोटं माझ्यावर तशीच राहिली. आता सांगतील, मला वाटलं. सांगतील की साहेब, पक्कड झिजली आहे. पण ते सांगायचं तर अकरा वर्षांच्या अकरा सह्याही सांगाव्या लागल्या असत्या. त्यांनी मला पिशवीत टाकलं. शिसं तारेवर बसलेलं नाही हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पिशवीचा बंद आवळला गेला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला तो दोन महिने तसाच राहिला.

एकोणीस दिवसांनी आम्ही फेरतपासणीला गेलो. त्या खोलीची जमीन लाकडी फळ्यांची होती. पहिलं यंत्र, परवान्याचं, दिवसभर धडधडायचं आणि त्याबरोबर सगळी जमीन हादरायची. बंद यंत्राची तार मोकळी लोंबत होती. सील यंत्रावर एका बशीत ठेवलेलं होतं.

"सकाळी झाडताना सापडलं," बाई म्हणाली. "हरवू नये म्हणून बशीत ठेवलं. आजच कळवायला येणार होते."

"सगळे असंच सांगतात," मोठे साहेब म्हणाले.

सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं आणि ते बशीतल्या सीलाकडे बराच वेळ पाहत राहिले.

परवान्याविना यंत्र हा एक गुन्हा झाला. सरकारी सील तोडणं हा त्याहून मोठा, तीन वर्षांचा. दोन्ही यंत्रं बंद झाली, पहिलंसुद्धा. आठवड्याभरात त्या खोलीत धूळ साचली. बाईच्या मुलीला शाळेत कोणीतरी सांगितलं की तुझी आई चोर आहे. हे मला नंतर कळलं, सासऱ्यांच्या तोंडून, न्यायालयाच्या व्हरांड्यात.

त्या पहिल्या तारखेला ते आमच्या तपासणिसांजवळ येऊन उभे राहिले. सुनेच्या वकिलाला त्यांनी सीलांवरच्या ठशांबद्दल सांगितलं होतं, पण वकील म्हणाला, एकच ठसा हाच तर नियम आहे, त्यानं आपलीच बाजू पडेल.

"साहेब, मी तीस वर्षं साचे दाबलेत," सासरे म्हणाले. आवाज चढवला नाही. "गावात तुम्ही मारलेली सीलं मी फिरून पाहिली. गोदामावर, तेलवाल्याच्या तळघरावर, जुन्या बेकरीवर. सगळ्यांवर दोन दाब आहेत. आमच्याच सीलावर एक का?"

तपासणिसांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मी भांडायला आलो नाही. मला फक्त कळत नाहीये, म्हणून विचारलं. सूनबाईला तर मी अजून सांगितलंही नाही." एवढं बोलून ते बाकावर जाऊन बसले.

पुढच्या तारखेला तपासणिसांची साक्ष होती. न्यायालयात मलाही हजर करायचं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या टेबलावर त्यांनी मला ठेवलं. मग दाराच्या कडीत तार ओवली, गोळी बसवली आणि मला दाबलं. एकदाच. त्यांच्या पत्नी कणीक मळत होत्या.

"दोन किलोचं काही आहे का घरात?" त्यांनी विचारलं.

"पीठ आहे. कशाला?"

त्यांनी पिठाची पिशवी तारेला लटकवली. आम्ही तिघं पाहत राहिलो. तार आधी केसभर सरकली, मग सुटली, आणि पिशवी खाली फुटून पीठ सगळीकडे पसरलं. त्यांच्या पत्नी खाली बसून पीठ गोळा करू लागल्या.

"निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझ्या," तपासणीस म्हणाले.

"अहो, तुमचं दीड वर्ष मला माहीत आहे. त्या बाईला किती होतील?"

"तीन."

तपासणीस उठले आणि केरसुणी घेऊन उरलेलं पीठ झाडू लागले.

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं. न्यायाधीश बाईंनी बटणवाल्या बाईकडे पाहिलं, ती उभी राहिली. तिचे हात कोरडे, नखांत जुन्या रंगाचे कण. सासरे मागच्या बाकावर होते. सरकारी वकिलांनी मला रुमालावर ठेवून सगळ्यांना दाखवलं आणि तपासणिसांना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"सील तुम्ही स्वतः लावलंत?"

"हो."

"मोठ्या साहेबांच्या समक्ष?"

"हो."

"नियमाप्रमाणे?"

तपासणिसांचा हात कोटाच्या त्या वेगळ्या बटणावर गेला. मला वाटलं, आता 'हो' म्हणतील आणि खाली उतरतील. एका शब्दात सगळं मिटलं असतं. त्यांची निवृत्ती, त्यांचं नाव, माझा क्रमांक, सगळं शाबूत राहिलं असतं. त्या क्षणी ते गप्प राहिले तर बरं, असं मलाही वाटून गेलं. हे सांगताना मला लाज वाटते, पण लपवणार नाही.

"हो, नियमाप्रमाणेच लावलं," ते म्हणाले. "म्हणूनच ते निघालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. झिजलेला ठसा, दुसरा दाब, वही. न्यायाधीश बाईंनी वही मागवली आणि एकेक पान उलटलं.

"अकरा वेळा 'ठीक' लिहिलंय. सही कोणाची?"

"माझी."

"तपासून केलीत?"

"एकदाही नाही."

मोठे साहेब जागेवरून अर्धे उठले. सरकारी वकील म्हणाले की साक्षीदार फितूर झाला आहे, आणि आता परीक्षा घेतली तर तो मुद्दाम हलकं दाबेल. न्यायाधीश बाईंनी क्षणभर विचार केला.

"मग त्यांनी दाबायचंच नाही," त्या म्हणाल्या. "मोठे साहेब, तुम्ही या. नियमपुस्तिकेप्रमाणे, एकेक दाब, दहा गोळ्या."

टपालाच्या खोलीतून दोन किलोचं वजन आलं. मोठ्या साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मला इतक्या जोरानं दाबलं की माझ्या सांध्यातून कुरकुर आली. पहिली गोळी टिकली. दुसरी टिकली. तिसरीही टिकली. सरकारी वकील आपले कागद गोळा करायला लागले. बटणवाल्या बाईनं डोळे मिटले होते.

मित्रांनो, माझी त्या वेळची अवस्था काय सांगू? आयुष्यभर मला एकच ठाऊक होतं, घट्ट धरणं. प्रत्येक गोळी टिकली की जुन्या सवयीनं मला बरं वाटायचं आणि लगेच त्या बरं वाटण्याची चीड यायची. पण सैल व्हायचं म्हटलं तरी ते माझ्या हातात नव्हतं. मी जशी होते तशीच होते.

चौथ्या गोळीला वजन लटकवलं. कारकून पाच मोजेपर्यंत काही झालं नाही. मग तार हळूच सरकली आणि वजन लाकडी जमिनीवर आदळलं. कोणीतरी मागं दचकून उठलं. पाचवी टिकली, सहावी सुटली, आठवी सुटली, दहावी तर वजन लावता लावताच निघाली. मोठ्या साहेबांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि कोणी न सांगता म्हणाले, "मी त्या दिवशी यांना थांबवलं होतं. ते दुसऱ्यांदा दाबत होते." एवढं बोलायला त्यांनाही काही कमी धैर्य लागलं नसेल.

बाई सुटली. परवान्याचा अर्ज खात्याकडेच पडून होता, तेव्हा त्याबद्दल खटला चालवायचा तर आधी उत्तर द्या, असं न्यायाधीश बाईंनी बजावलं. चार महिने न सापडलेला कागद पहिल्या मजल्यावर आठ दिवसांत सापडला आणि दुसऱ्या यंत्राचा परवाना आला. सासऱ्यांनी त्या दिवशी सुनेला व्हरांड्यात काहीतरी सांगितलं आणि ती बाकावर बसून पोटभर रडली.

पण सगळंच गोड झालं असं समजू नका. माझ्या क्रमांकाची सगळीच सीलं संशयात आली. खाण्याच्या तेलात यंत्राचं तेल मिसळणारा एक माणूस होता. त्याच्या तळघरावर आम्ही दोन दाब देऊन सील मारलं होतं आणि त्यानं ते कातरीनं कापलं होतं. मी पैजेवर सांगते, ते आपोआप निघालेलं नव्हतं. तोही माझ्याच झिजलेल्या ठशाकडे बोट दाखवून सुटला. त्या तेलानं आजारी पडलेली माणसं न्यायालयाच्या पायऱ्यांवर उभी होती. त्यांची तोंडं मला अजून आठवतात. अकरा वर्षांपूर्वी कोणी 'सदोष' लिहिलं असतं तर ना ती बाई अडकली असती, ना तो माणूस सुटला असता.

आमच्या तपासणिसांना दीड वर्ष आधीच घरी बसवण्यात आलं. मला एका पाकिटात घालून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. तिथे एक मोडकं कुलूप आणि एक एकटा बूट यांच्या शेजारी मी सहा वर्षं काढली. कोणी तेल दिलं नाही, कोणी विचारलं नाही. त्या काळात बाहेर कायदा बदलला. आता पहिल्या चुकीला नोटीस मिळते, मग दंड, आणि तुरुंग फक्त लोकांच्या जिवाशी खेळणाऱ्याला. जुनी पानं अखेर कोणीतरी काढली. त्यात माझा वाटा किती, मला माहीत नाही.

हल्ली मी नव्या तपासणिसांच्या प्रशिक्षण वर्गात असते. प्रत्येक नव्या तुकडीकडून माझ्या तोंडात दहा गोळ्या दाबून घेतात आणि वजन पडलं की मुलंमुली हसतात. वर्षातून एकदा आमचे जुने तपासणीस तिथे बोलायला येतात. गेल्या खेपेला त्यांच्या कोटाची पाचही बटणं एकसारखी होती. रीतसर विकत घेतली, पावती आहे, असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या साहेब होईल, कोणी वकील, कोणी बटणं बनवेल. तुमच्या हातात एखाद्याचं दार बंद करण्याची ताकद आली, तर आधी आपलं हत्यार तपासा. तेल द्या, झीज पाहा, आणि न पाहता सही करू नका. आमच्यासारख्यांना जपणं म्हणजे आम्हाला पुसून कपाटात ठेवणं नव्हे. आमची खोड वेळेवर ओळखणं, तीच आमची निगा.

माझ्या गळ्यात आता एक चिठ्ठी आहे. तिच्यावर न्यायाधीश बाईंच्या अक्षरात एकच शब्द लिहिलेला आहे, 'सदोष'. येणारे जाणारे तो वाचून हळहळतात. त्यांना वाटतं, म्हातारपणी बिचारीच्या नशिबी हा शिक्का आला. पण माझ्याबद्दल अकरा वेळा 'ठीक' लिहिलं गेलं, ते मला हातातसुद्धा न घेता. हा एक शब्द लिहिण्यासाठी मात्र भर न्यायालयात मला दहा वेळा दाबून पाहिलं. म्हणून ही चिठ्ठी काढू नका. धूळ बसली तर फक्त पुसा.